एक स्टार दिलाय, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार, प्रोफाइलला नाव नाहीये म्हणून सर की मॅडम ते कळलं नाही, पण रिव्ह्यू नीट वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की पायलिंट (पायथन कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) शिकवतो सांगून पहिलं अख्खं सेशन काळ्या स्क्रीनवर, म्हणजे टर्मिनलवर, घालवलं, व्हीएस कोड या एडिटरमध्ये त्याचं एक्स्टेन्शन एका क्लिकमध्ये पडतं, गुगलवरची कमांड चालवायला गेलात तर सर ओरडले, आणि फी परत हवी.

आधी ओरडण्याचं. सरांचा आवाजच तसा आहे हो, मागच्या रांगेला पंख्याच्या वर ऐकू जायला लागतो. आणि कमांड कुठली होती तेही लिहा ना, सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार) लावून पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) इन्स्टॉल आणि पुढे ब्रेक सिस्टम पॅकेजेस हा फ्लॅग! फ्लॅगच्या नावातच मोडतो म्हणून सांगितलंय. लिनक्समध्ये डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट असा एरर येतो, तो मुद्दाम ठेवलाय, कारण उबुंटूची स्वतःची बरीच टूल्स त्याच पायथनवर चालतात आणि सुडोने टाकलेलं पॅकेज एपीटीने (उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने) टाकलेल्याच्या आधी उचललं जातं, मग आज नाही तर महिन्याने भलतंच काहीतरी बंद पडतं आणि कारण सापडत नाही. म्हणून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन), ते ॲक्टिव्हेट, मग पिप.

आता एक्स्टेन्शन. आम्हीही वापरतो, वाईट काहीच नाही. पण ते पायलिंटची स्वतःची कॉपी सोबत घेऊन येतं आणि सेटिंगमध्ये इम्पोर्ट स्ट्रॅटेजी बदलली नाही तर तीच चालवतं, तुमच्या एन्व्हायर्नमेंटमधली नाही. तुम्हीच खाली लिहिलंय की घरी सगळं क्लीन दिसतं आणि गिटहबवर पुश केलं की लाल फुली. अहो दोन वेगळी व्हर्जन्स चालली तर हे होणारच, 2.x आणि 3.x मध्ये चेक्ससुद्धा बदललेत. म्हणून तर रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये व्हर्जन पिन करायला लावलं. आणि नुसती कन्व्हेन्शनची एक सूचना आली तरी पायलिंट संपताना एक्झिट कोड (निकालाचा आकडा) 16 देतं, वॉर्निंगला 4, एररला 2, असं बेरजेत, झिरो नाही म्हणजे सीआय (गिटहबवरची आपोआप तपासणी) फेल. फेल अंडर (पास व्हायला लागणारा किमान स्कोअर) डीफॉल्टला 10 असतं, जुना कोड असेल तर ते 8 वगैरे करून सुरुवात करा, हे दुसऱ्या सेशनला सांगितलं होतं पण तेव्हा तुम्ही नव्हतात.

पिपएक्सने का नाही टाकलं हेही विचारलंय, प्रश्न चांगला आहे. पिपएक्स प्रत्येक टूल स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकतं, म्हणजे पायलिंटला वेगळ्या खोलीत ठेवतं, त्याला तुमच्या प्रोजेक्टच्या जँगो-रिक्वेस्ट्ससारख्या लायब्ररी दिसतच नाहीत आणि त्यांच्या प्रत्येक इम्पोर्टवर ई0401 (इम्पोर्ट सापडत नाही) हा एरर येतो. रफ या तशाच दुसऱ्या टूलला चालतं तसं, ते इम्पोर्ट केलेल्या लायब्ररी शोधायच्या भानगडीतच पडत नाही. पायलिंटला नाही.

फीचं: बॅच सुरू व्हायच्या आधी कॅन्सल केलं तर पूर्ण परत, हे फॉर्मवर लिहिलेलं आहे आणि खाली तुमची सही आहे. तुम्ही सर्टिफिकेटही घेऊन गेलात. तेव्हा ती परत मिळणार नाही. पण राहिलेलं दुसरं सेशन पुढच्या बॅचमध्ये येऊन बसा, त्याचे पैसे घेणार नाही.

आणि तो फ्लॅग घरी जाऊन चालवलाच असेल, असा मला दाट संशय आहे, तर नुसतं पिप अनइन्स्टॉल पायलिंट करून भागणार नाही, त्याच्यासोबत आलेली ॲस्ट्रॉइड, आयसॉर्ट, डिल, टॉमलकिट ही पॅकेजेस तशीच मागे राहतात, पिप ती आपोआप काढत नाही. स्वतःहून काढत बसू नका, कुठलं एपीटीचं आणि कुठलं तुमचं ते आधी बघावं लागतं. लॅपटॉप घेऊन या, क्लासच्या आधी बसून करून देऊ.