विमान न उतरता परत वर गेलं, तर पायलटला नावं ठेवू नका

पावसाळ्यात कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर ढग खाली आले की कधी कधी विमान घिरट्या मारतं आणि न उतरताच निघून जातं. मग कट्ट्यावर सुरू, "पायलट नवखा दिसतोय!" माझं मत उलटं आहे. परत वर जाणाराच भरवशाचा.

छोटी विमानं उतरताना आपटतात, त्याला बऱ्याचदा इंजिनापेक्षा हट्ट कारणीभूत असतो. सेसना १७२ साधारण ताशी १२० किमी वेगानं धावपट्टीकडं येतं. वेग १० टक्के जास्त असला तर जिरवायची ऊर्जा २१ टक्के वाढते. विमान टेकायलाच तयार होत नाही, जमिनीलगत तरंगत राहतं. धावपट्टी संपत चालली म्हणून शिकाऊ पायलट नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं, तो पुन्हा दाबतो. दोन-तीन उसळ्यांत पुढचं चाक मोडतं आणि पंखा जमिनीला घासतो. पहिल्याच उसळीला पॉवर देऊन वर गेला असता, तर काही झालं नसतं.

त्याहून जीवघेणं म्हणजे शेवटचं वळण. धावपट्टीची रेषा ओलांडली गेली की काही जण रडर (शेपटीवरचं नाक डावी-उजवीकडं वळवणारं पातं) जास्त दाबून, नाक वर ओढून विमान वळवायला बघतात. वेग कमी असतो, आतल्या बाजूचा पंख स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरायची त्याची ताकद एकदम ढासळते, आणि विमान गरकन फिरतं. तीन-चारशे फुटांवर सावरायला जागाच नसते.

वाऱ्याचंही तसंच. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम, त्यामुळं पावसाळी पश्चिम वारा बऱ्यापैकी समोरून मिळतो. हाच वारा पाठीमागून घेऊन ओल्या धावपट्टीवर उतरलं, तर ब्रेक लागेपर्यंत टोक आलेलं असतं.

१४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत जोराच्या पावसात एक लिअरजेट, म्हणजे छोटं जेट विमान, उतरताना धावपट्टीबाहेर गेलं. आतले आठही जण वाचले, हे नशीब.

मोठ्या एअरलाइन्समध्ये गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता परत वर गेला, म्हणून पायलटला सहसा जाब विचारत नाहीत. चार्टरच्या छोट्या विमानात मात्र साहेब थेट मागच्या सीटवर, सभेला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघत बसलेले. खरं दडपण तिथं आहे. बेळगावला उतरून गाडीनं यायला दोन-अडीच तास लागतात. लागू देत की, सभा थांबेल.