त्या होस्टिंगवाल्याला लाइन देतं कोण?

सर्व्हरचे लॉग उघडले की रोज तेच. पोर्ट २२ वर, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या दारावर, पासवर्डचा मारा, त्याच होस्टिंग कंपनीच्या (सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) आयपी रेंजमधून, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या पट्ट्यातून. एक पत्ता ब्लॉक केला की शेजारचा सुरू. मग त्या कंपनीला ॲब्यूज रिपोर्ट, म्हणजे गैरवापराची तक्रार, लिहायची, टाइमझोनसकट वेळा टाकायच्या, लॉगच्या ओळी जोडायच्या. उत्तर येतं मशीनचं: तुमची तक्रार आमच्या ग्राहकाकडे पाठवली आहे. अरे, हल्ला करणाऱ्याच्याच हातात माझी तक्रार देता? तीही माझ्या सर्व्हरच्या पत्त्यासकट? काही ठिकाणी तर मेलबॉक्स भरलाय म्हणून मेलच परत येतो. ॲब्यूजसाठी ठरलेला पत्ता ठेवा, हे इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात, आरएफसी २१४२ मध्ये, १९९७ सालीच लिहून ठेवलंय!

पण होस्टिंगवाल्याचं सोडा, त्याचा धंदाच तो. तक्रारींना भीक घालत नाही, याचेच तो पैसे घेतो. माझं डोकं फिरतं ते त्याला ट्रान्झिट, म्हणजे बाकीच्या इंटरनेटपर्यंतची लाइन, विकणाऱ्या मोठ्या नेटवर्कवाल्यांवर. त्याने काही स्वतःच्या केबल समुद्रातून टाकलेल्या नाहीत. त्याचे रूट बीजीपीवर (नेटवर्क एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत) कोणीतरी पुढे पाठवतं, म्हणून तो जगापर्यंत पोचतो. ते कोण, हेही लपलेलं नाही. त्याच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, एएस नंबर, शोधा, अपस्ट्रीमची, म्हणजे त्याला लाइन देणाऱ्यांची, नावं समोर येतात. त्यांना लिहिलं की म्हणतात, आम्ही फक्त पॅकेट वाहतो, आत काय आहे ते बघत नाही. आत बघा म्हणतंय कोण? पुराव्यांसकट तक्रारी तुमच्या दारात येऊन पडल्यात, त्या तरी वाचा! बिल थकलं की लाइन बंद करायला तुम्हाला कोर्टाचा आदेश लागत नाही. मग इथेच हात का बांधले जातात?

आणि जमत नाही, हे तर सांगूच नका. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या, स्पॅम टोळ्यांना जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीची जोडणी तिच्या अपस्ट्रीमनी, ग्लोबल क्रॉसिंग आणि हरिकेन इलेक्ट्रिकने, तोडली. जगभरातला स्पॅम बघता बघता निम्म्याहून खाली आला. ना पोलिसांची धाड, ना नवा कायदा. ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने पुरावे समोर ठेवले, तेव्हा कुठे हे लोक हलले. पुढे काही महिन्यांत स्पॅम परत वाढला, खरंय. वाढणारच, त्या टोळ्यांना दुसरीकडे जागा मिळाली आणि त्या जागेलाही कोणीतरी लाइन विकलीच होती.

तोवर भुर्दंड आमच्या माथी. रात्री जागून फायरवॉलचे नियम आम्ही लिहायचे. शेवटी वैतागून अख्खी रेंज ब्लॉक केली की तिथला एखादा प्रामाणिक ग्राहकही त्यात भरडला जातो, आणि शिव्याही आम्हीच खायच्या.

लाइन विकणाऱ्यांनो, त्या लाइनचं भाडं दर महिन्याला घेता ना? मग त्या लाइनबद्दल येणाऱ्या तक्रारी वाचायला माणूस बसवा. ग्राहकाला लेखी मुदत द्या. मुदत उलटूनही मारा चालूच असेल, तर त्याचं बीजीपी सेशन, म्हणजे तुमच्याशी असलेली जोडणी, बंद करा.