खुलासा: व्हिनेगरने गंजाबरोबर निळाईही जाते
जुन्या बंदुकीच्या नळीवरचा गंज व्हिनेगरने पुसावा, निळ्या झळाळीला काही होत नाही, असा संदेश सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. ही निळाई म्हणजे रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम घडवलेला मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचाच एक ऑक्साइड. गंजही ऑक्साइडच. त्यामुळे गंज विरघळवणारं आम्ल निळाईही खातं आणि शंभर वर्षं टिकलेला मूळ थर बघता बघता जातो. कृपया असं करू नका! शिवाय हा थर अगदी पातळ, सच्छिद्र असतो. तो एकटा गंज रोखत नाही. वर तेलाचा हलका हात किंवा मायक्रोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांचं) मेण लागतंच. हाताळल्यावर बोटांचे ठसे लगेच पुसा, घामातल्या मिठाने गंज धरतो. आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवून देऊ नका, चामडं ओल धरून ठेवतं.