गंज प्रमाणित नाही

"लेखकाच्या नमुन्यांवरील गंज प्रमाणित परिस्थितीतला नाही." माझा शोधनिबंध जर्नलसाठी तपासणाऱ्या दुसऱ्या परीक्षकाचं हे वाक्य मी रायबंदर-चोडण फेरीबोटीत, उभ्या उभ्या मोबाईलवर वाचलं. अख्खा पावसाळा गच्चीवर पोलादाच्या पट्ट्या टांगल्या, खारा वारा खाऊ घातला, एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीत, अकागानाइट हे गंजातलं खनिजही सापडलं. हवेत क्लोराइड असल्याशिवाय ते सहसा दिसत नाही. तर साहेब म्हणतात, हेच परत प्रयोगशाळेतल्या मिठाच्या कपाटात करा: 35 अंश, 5 टक्के मिठाचं धुकं, अखंड. अहो, गोव्यात पाऊस उघडतो, ऊन पडतं, पत्रा वाळतो, पुन्हा भिजतो. गंजाचा सगळा खेळ त्या ओल्यासुक्यात!

शेजारी स्कूटरवर बसलेले काका बराच वेळ माझ्या मोबाईलमध्ये डोकावत होते.

"वाईट बातमी?"

"लेख परत आला."

"खंयच्या पेपरात? गोमन्तकात?"

"नाही हो, परदेशी जर्नलात."

"किती देतात?"

"देत नाहीत. छापला तर आपण द्यायचे. तीन हजार डॉलर."

काकांनी हेल्मेट काढलं. "म्हणजे अडीच लाख! त्यातले तपासणाऱ्या मास्तराला किती?"

"काही नाही. तो फुकट तपासतो."

"मग नापासच करणार तो! फुकटात दुसरं काय परवडतं?" यावर मला उत्तर सुचेना. "विषय काय पण?"

"लोखंड गंजणं."

काकांनी फेरीबोटीच्या कठड्यावर अंगठ्याचं नख घातलं. रंगाचा पापुद्रा सुटला; खाली नारिंगी भुकटी, त्याखाली काळपट थर. तो तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "हा पाठव पाकिटातून. 1986 साली मांडवीचा पूल पडला, तो काय आधी कपाटात ठेवून पाहिला होता?"

चोडणचा धक्का आला, काका स्कूटर मारून गेलेसुद्धा. मी हसलो खरा, पण हसून कपाट मिळत नाही. आमच्या विभागात ते नाही. ज्यांच्याकडे आहे ते तासावर पैसे घेतात, आणि एसईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा, नंबर लागेपर्यंत कापलेल्या नमुन्यावर नवा गंज चढतो. नकाराच्या मेलखाली तेवढं एक ठळक बटण: हाच लेख आमच्या भगिनी-जर्नलकडे वळवा. फी वेगळी.

रात्री त्याच प्रकाशकाची दुसरी मेल. गंज या विषयातले आपण तज्ज्ञ, एक लेख तपासून द्याल का? मुदत चौदा दिवस. मानधन नाही; प्रमाणपत्र आहे, तेही लॉगिन करून आपणच उतरवून घ्यायचं.