बारोलोला कमी गुण का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. इटलीच्या तांबड्या वाइनवरील लेखात मी बारोलोला सिसिलीतल्या एत्ना रोस्सो या वाइनच्या खाली बसवले, हे आपल्याला खटकले आहे. डीओसीजी हा तिथला सर्वोच्च दर्जा असताना त्याखालच्या नुसत्या डीओसी दर्जाच्या वाइनला वरचे स्थान देणे म्हणजे नावीन्याचा सोस, आमारोने ही यादीतली आणखी एक वाइन शेवटी चाखून मी तिला झुकते माप दिले, आणि आपण प्यायलेली 2010 ची बारोलो तर अप्रतिम होती, असे आपले म्हणणे आहे.

दर्जाचा मुद्दा मला मुळीच पटत नाही. डीओसीजी बाटलीच्या तोंडावरची क्रमांक छापलेली पट्टी हमी देते ती वाइन कोणत्या शिवारातली, कोणत्या द्राक्षाची आणि किती मुरवलेली आहे याची. बाटलीबंद होण्यापूर्वी जाणकारांचे मंडळ ती चाखते हे खरे. पण बारोलो म्हणून ती शोभते का, एवढेच ते पाहते, सिसिलीतल्या वाइनपेक्षा ती सरस आहे का, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतोच. शिवाय नियम म्हणजे गुणवत्ता असे मानले, तर 1967 च्या नियमांचे काय करायचे? किआन्ती या टस्कनीतल्या तांबड्या वाइनमध्ये पांढरी द्राक्षे मिसळणे त्यांनी बंधनकारक केले होते, आणि अंतिनोरी या वाइन-उत्पादक घराण्याने आपली तिन्यानेल्लो ही वाइन किआन्तीच्या नावाशिवाय विकणे पत्करले. सासिकाइयासारखी वाइनही कित्येक वर्षे ‘व्हिनो दा ताव्होला’ म्हणजे रोजच्या जेवणाची साधी वाइन या वर्गातच विकली जात होती.

आमारोनेबद्दल थोडक्यात. तिची द्राक्षे काढणीनंतर काही महिने सुकवतात, त्यामुळे साखर एकवटते आणि मद्यार्क पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत जातो. ती आधी घेतली असती, तर नंतरची प्रत्येक वाइन पातळ आणि आंबट वाटली असती. शेवटी येऊनही ती माझ्या यादीत बारोलोच्या खालीच आहे, हे बहुधा आपल्या नजरेतून निसटले.

आता बारोलो. माझ्यासमोरची बाटली 2020 ची होती. नियमाप्रमाणे बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते आणि त्यांतले 18 महिने लाकडात. पण बारोलो ज्यापासून होते त्या नेब्बिओलो द्राक्षाच्या टॅनिनला, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकाला, तेवढा काळ बहुधा पुरत नाही. गंध सुरेख होता, वाळत आलेल्या गुलाबपाकळ्यांचा आणि त्यामागे डांबराचा. घोट घेतल्यावर मात्र कच्ची सुपारी चघळावी तशा हिरड्या आवळल्या गेल्या आणि फळाची चव त्या तुरटपणाखाली दबून राहिली. एत्ना रोस्सोचा रंगही असाच फिका, आम्लताही तशीच तरतरीत, पण तिच्या नेरेल्लो मास्कालेसे या द्राक्षाचे टॅनिन मऊ होते आणि घोट उतरल्यावर लाल चेरीची चव जिभेवर बराच वेळ रेंगाळली. त्या दिवशी, त्या टेबलावर, ती अधिक चांगली वाइन होती.

गुण देऊन झाल्यावर मी तीच बारोलो मुरलेल्या पार्मिजानोच्या तुकड्याबरोबर पुन्हा घेतली, आणि ती पार बदलली. चीजमधली प्रथिने टॅनिनला बांधून घेतात, तुरटपणा ओसरतो आणि दबलेले फळ वर येते. तरीही गुण वाढवले नाहीत, कारण सगळ्या वाइन नुसत्याच चाखायच्या असे ठरले होते आणि एकीलाच सोबत देणे न्याय्य झाले नसते. जेवणासाठी घडवलेल्या वाइनला जेवणाविना जोखणे मुळातच कितपत योग्य, असा आक्षेप आपण घेतला असता, तर उत्तर देणे मला खरोखर जड गेले असते. अशा चाखणीत मऊ आणि गोडसर वाइनना फायदा मिळतो, असे माझेही मत आहे.

2010 हे बारोलोसाठी नावाजलेले वर्ष आहे, आणि त्या बाटलीचे टॅनिन एव्हाना बरेच निवळलेले असणार. म्हणून तिच्याबद्दलचे आपले मत मी सहज मान्य करतो. माझ्याकडची 2020 ची दुसरी बाटली मी 2030 च्या आत उघडणार नाही. आपण आपली बारोलो जेवणाबरोबर घेतलीत की नुसती, आणि किती आधी उघडून ठेवली होती, हे मात्र जरूर कळवावे.