सीए-१२५ नॉर्मल आहे, म्हणून निर्धास्त राहायचे?

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने इनहिबिन बी या अंडाशयातील संप्रेरकाच्या रक्ततपासणीची ठरलेली वेळ कोणालाही न विचारता रद्द केली. कारण विचारल्यावर तिने भिशीच्या ग्रुपवर आलेला संदेश माझ्यापुढे धरला. त्याचा मजकूर असा: 'अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ ही एकच तपासणी पुरेशी आहे, ती नॉर्मल आली की निर्धास्त राहा. चाळिशीनंतर प्रत्येकीने ती दरवर्षी करावी. गाठीचा तुकडा तपासायला देऊ नका, कॅन्सर पसरतो. ऑपरेशनला पाच वर्षे झाली की तपासण्या बंद करा. इनहिबिनसारख्या महागड्या चाचण्या कमिशनसाठी असतात, त्यात प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा येतो.' खाली लिहिणाऱ्याचे नाव नाही. मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि असे संदेश एरवी न वाचताच पुसून टाकते. परंतु हा मावशीला पटला, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

पहिलेच वाक्य सर्वांत घातक आहे. मावशीची पाळी बंद होऊन आठ वर्षे झाल्यावर तिला पुन्हा रक्तस्राव होऊ लागला आणि सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर नऊ सेंटिमीटरची गाठ दिसली. त्या वेळचा सीए-१२५चा रिपोर्ट तिच्या फायलीत आजही आहे: १४, आणि नेहमीची मर्यादा ३५. या संदेशाच्या हिशेबाने ती त्या दिवशी निर्धास्त घरी जायला हवी होती. तिची गाठ ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर निघाली. अंडाशयाच्या कर्करोगांत हिचे प्रमाण जेमतेम २ ते ५ टक्के असते. सीए-१२५ हे प्रथिन प्रामुख्याने आवरणपेशींपासून वाढणाऱ्या, म्हणजे नेहमी आढळणाऱ्या कर्करोगांत चढते. ग्रॅन्युलोसा पेशी मात्र बीजाभोवतीच्या, संप्रेरके तयार करणाऱ्या पेशी आहेत, त्यामुळे त्यांची गाठ इस्ट्रोजेन आणि इनहिबिन रक्तात सोडते. रक्तस्राव होतो तो याच इस्ट्रोजेनमुळे, कारण गर्भाशयाचे अस्तर त्याने जाड होते. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातील बीजकोष संपलेले असल्याने इनहिबिन बी जवळजवळ सापडतच नाही. म्हणून अशा स्त्रीच्या रक्तात ते वाढलेले दिसले, तर त्या आकड्याला वजन असते. (पाळी चालू असलेल्या स्त्रीत ते महिनाभर वरखाली होते, तिथे अर्थ लावताना सांभाळावे लागते.) या गाठीवर लक्ष ठेवण्यासाठी इनहिबिन उपयोगी पडते, हे नेदरलँड्समधील डॉक्टरांनी १९८९ सालीच दाखवून दिले होते. कालपरवा कोणी कमिशनसाठी काढलेली ही टूम नव्हे.

सीए-१२५ निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात उपचारांचा परिणाम पाहायला ती उत्तम तपासणी आहे. पण धडधाकट स्त्रियांनी ती दरवर्षी करावी, या सल्ल्याची परीक्षा ब्रिटनमध्ये होऊन गेली आहे. रजोनिवृत्ती झालेल्या २,०२,६३८ स्त्रियांना २००१ ते २००५ या काळात त्या अभ्यासात घेतले गेले. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ तपासणी, एका गटाची दरवर्षी सोनोग्राफी, आणि उरलेल्यांची काहीच नाही. सरासरी सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष आला की, तपासणी झालेल्या गटांत या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. शिवाय एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, पोटाचा क्षयरोग, इतकेच काय, चालू असलेली पाळी यांनीही हा आकडा वाढतो. चाळिशीतल्या बाईला त्यापायी विनाकारण किती धास्ती घ्यावी लागेल, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

तुकड्याच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. अंडाशयाची संशयास्पद गाठ बाहेरून सुई टोचून तपासणे शक्यतो टाळतात आणि ती न फुटता अखंड काढण्याचा प्रयत्न करतात, कारण फुटली तर आजाराचा टप्पा वरचा धरला जातो. पण काढलेली गाठ तपासायला द्यायची नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. ती फॉर्मॅलिनमध्ये घालून आमच्याकडे येते, तिच्या पातळ चकत्या कापून स्लाइडवर रंगवल्या जातात, आणि मधोमध चीर असलेली, कॉफीच्या बियांसारखी केंद्रके दिसली की या निदानाची दिशा मिळते. शंका उरल्यास फॉक्सएलटू या जनुकाची तपासणी करता येते. २००९ साली कॅनडातील संशोधकांना प्रौढ प्रकारच्या ८९ गाठींपैकी ८६मध्ये त्यात तोच एक बदल आढळला होता. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना ही तर निराळीच गोष्ट आहे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला आणि डॉक्टरांनी तो नमुना मागितला, तर तो न देणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे आहे.

पाच वर्षांच्या मुदतीबद्दल एवढेच सांगते, की ही गाठ सावकाश वाढते आणि दहा, कधी वीस वर्षांनीही उलटते. म्हणून पाठपुरावा जन्मभर असतो. मावशीचे ऑपरेशननंतरचे आता कुठे सहावे वर्ष चालू आहे.

प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा वेगळा येतो, हे मात्र खरे आहे, कारण किट वेगवेगळी असतात. त्यावर उपाय म्हणजे दरवेळी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने तपासणी करणे आणि जुन्या आकड्याशी नवा ताडून पाहणे. दुसरी एक अडचण या संदेशात नाही, पण मावशीच्या कपाटात सापडली: केसांसाठी ती गेले चार महिने बायोटिनची गोळी घेते आहे. काही किटांच्या रचनेतच बायोटिनचा वापर असतो, आणि रक्तात ते जास्त असेल तर अशा तपासणीत संप्रेरकाचा आकडा खोटाच कमी येऊ शकतो. आमच्या किटमध्ये ते आहे की नाही, हे मी विचारून ठेवले आहे; तोवर डॉक्टरांना सांगून गोळी थांबवली आहे, आणि रद्द केलेली वेळ पुढच्या मंगळवारची, जुन्याच प्रयोगशाळेत, पुन्हा घेतली आहे.