दाण्याचा कूट, मेलबर्न आणि ग्रुपवरचा वाद

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर नाशिकच्या वहिनीने भाच्याचा अॅलर्जी-तपासणीचा रिपोर्ट टाकला. सात महिन्यांचं बाळ, गालावर आणि कोपराच्या खोबणीत एक्झिमा, म्हणजे खाजरी, कोरडी, लाल त्वचा, आणि रिपोर्टमध्ये दोनशेच्या वर पदार्थांची यादी, गहू लाल, दूध लाल, तूरडाळ लाल, शेंगदाणा लाल. हे सगळं बंद करा म्हणे. त्यावर लगेच आत्याचा मेसेज, आपल्याकडे असली अॅलर्जी-बिलर्जी नसते, हे सगळं तिकडचं फॅड, आम्ही चार पोरं वाढवली. दोन दिवस नुसती जुंपली होती आणि शेवटी सगळे माझ्याकडे वळले, तू मेलबर्नला असतेस, तुझ्या लेकीला दाण्याची अॅलर्जी आहे, तू सांग. चार ओळींत सांगण्यासारखं नाहीये, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझी लेक इथेच जन्मली. तिलाही असाच एक्झिमा. 2016 पासून इथला सल्ला असा आहे की दाणे, अंडं वगैरे बाळाच्या पहिल्या वर्षातच खायला सुरू करा, मुद्दाम लांबवू नका. मला नर्सने हे सांगितलं होतं. पण मी घाबरले, आधी त्वचा बरी होऊदे मग बघू असं करत वर्ष काढलं. आणि घरात काय चालू होतं, तर दर रविवारी दाणे भाजायचे, सालं पाखडायची, मिक्सरला कूट करून डबा भरायचा, खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आणि त्याच हातांनी तिला उचलायचं. चौदाव्या महिन्यात पोळीला जराशी दाण्याची चटणी लावून दिली आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, मग कोरडा खोकला सुरू झाला. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी मांडीत अॅड्रेनलीनचं, म्हणजे अशा जीवघेण्या अॅलर्जीवरच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. तो खोकला अजून माझ्या कानात आहे.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की मी नेमकं उलटं केलं होतं. फाटलेल्या, खाजणाऱ्या त्वचेतून दाण्याचा अंश शरीरात गेला की शरीर त्याला शत्रू समजायला शिकतं आणि तोंडाने पोटात गेला की आपला समजायला शिकतं, असं लंडनच्या किंग्ज कॉलेजचे गिडिऑन लॅक मांडत आलेत. त्यांच्या टीमला 2008 मध्ये दिसलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये दाण्याची अॅलर्जी 1.85% आणि इस्रायलमध्ये 0.17%, आणि इस्रायलमधली बाळं दाण्याचे कुरमुरीत पफ लहानपणापासून खातात. मग त्यांनी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली 640 बाळं घेतली, निम्म्यांना दाणे नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत दिलेच नाहीत. 2015 मध्ये निकाल आला, न खाणाऱ्यांत 17.2% मुलांना अॅलर्जी, खाणाऱ्यांत 3.2%. त्याआधी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ 2000 पासून आठ वर्षं सांगत होते की जोखीम असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका! किती घरांनी इमानेइतबारे ते पाळलं असेल.

आता आत्याचं म्हणणं. आत्या अर्धी बरोबर आहे, आणि हे मी मनापासून म्हणतेय. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास 2020 मध्ये आला, त्यात रक्तात अन्नाविरुद्धचं आयजीई, म्हणजे अॅलर्जीशी जोडलेली अँटीबॉडी, 19.1% मुलांमध्ये सापडलं, पण खरी अॅलर्जी असावी अशी मुलं फक्त 0.14%. इथे मेलबर्नमध्ये एक वर्षाच्या मुलांत हाच आकडा 10% च्या वर. आणि माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवावं असं एक म्हणजे, आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या पन्नास हजारांहून जास्त मुलांच्या शाळाप्रवेशाच्या माहितीत दिसलं की आशियाई आयांच्या इथे जन्मलेल्या मुलांत दाण्या-सुक्यामेव्याची अॅलर्जी जास्त, पण आशियात जन्मून नंतर इथे आलेल्या मुलांत कमी. रक्त तेच, मातीच बदलली.

म्हणूनच वहिनीच्या रिपोर्टचा मला राग आला. अशा मोठ्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा आयजीजी नावाची वेगळीच अँटीबॉडी मोजतात, ती तर आपण तो पदार्थ खातो एवढंच सांगतं. आयजीई असलं तरी नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे अॅलर्जी नव्हे, वरचे कर्नाटकातले 19.1% आणि 0.14% हे दोन आकडेच बघा ना. आधी डॉक्टरने विचारायचं, काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, मग तेवढ्याच पदार्थाची टेस्ट, आणि शंका राहिली तर हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली थोडं थोडं खायला घालून बघायचं. लेकीची अंड्याची टेस्ट पॉझिटिव्ह होती, पण हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून तिने अंडं घातलेला मफिन तुकड्या तुकड्याने पूर्ण खाल्ला, काही झालं नाही, आता घरी केक खाते. यादी बघून अंडं बंद केलं असतं तर? सात महिन्यांच्या बाळाचं दूध, गहू, डाळ बंद केल्यावर ते वाढणार कशावर?

तेव्हा वहिनीला मी सांगितलं, यादी बाजूला ठेव, एक्झिमावर नीट उपचार कर, अंगाला डाळीचं पीठ चोळणं थांबव, आणि एक्झिमा जास्त आहे म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून मगच बारीक कूट पातळ करून मऊ भातात चिमूटभरापासून सुरू कर. अख्खा दाणा मात्र नाही, घशात अडकतो.

पण आत्याला जिथे मी सोडणार नाही ती गोष्ट अॅड्रेनलीनची. इथे 2008 च्या कायद्यामुळे राज्यातल्या शाळांना अशा जीवघेण्या अॅलर्जीची तयारी ठेवावीच लागते, लेकीच्या वर्गात तिचा फोटो लावलेला प्लॅन भिंतीवर आहे, शिक्षकांना पेन, म्हणजे अॅड्रेनलीनचं तयार भरलेलं इंजेक्शन, मारायचं ट्रेनिंग आहे. भारतात ते पेन सहज मिळत नाही. पण अॅड्रेनलीनची साधी अँप्युल, म्हणजे काचेची कुपी, स्वस्त असते, आणि तरी मागच्या सुट्टीत गावाकडे मी विचारलं तर पहिलं उत्तर आलं, अॅव्हिल देऊ की. अॅव्हिल हे खाज-पुरळावरचं औषध, त्याने गांधी बसतात, बंद होणारा श्वास उघडत नाही. 0.14% म्हणजे सुद्धा दर लाखात 140 मुलं होतात, आत्या.

डिसेंबरमध्ये येतोय. दोन पेनं पर्समध्ये असतील, आणि आईने फ्रिजवर आत्ताच एक कागद लावलाय, तिच्या अक्षरात: निळं टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, तीन आकडे मोजायचे, आडवं झोपवायचं, 108 ला फोन. खाली तिने स्वतःहून एक ओळ वाढवलीये, कुटाचा डबा वरच्या फळीवर.